मेंडोलिनातली झर्र

हा किस्सा माझी बायको माझ्यापेक्षा चांगला सांगते. पण ती सांगते तेव्हा मी त्यात फार गाढव दिसतो. म्हणून आज मीच सांगतो. निदान गाढव किती दिसायचं ते तरी माझ्या हातात राहील! चहा घ्या, गार होतोय.

तर मंडळी, एका हाडाच्या कारागिराला मी त्याच्या हत्यारांसकट जवळजवळ घरी बसवलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, वैर तर मुळीच नाही. केवळ माझ्या तिखट कानाच्या जोरावर! आता तुम्ही म्हणाल, कानानं कधी कुणाचा धंदा बसतो का? बसतो. ऐका तर खरं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी राहायला बदलापूर गावात. घरी भातशेती, एक म्हैस आणि आई. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर म्हणून चिकटलो होतो. टाइमकीपर म्हणजे काय, तर फाटकापाशी खिडकीत बसायचं आणि कोण किती उशिरा आला ते लिहायचं. वय चोवीस, अंगात पांढरा शर्ट, बुडाखाली सायकल. आमच्या आळीत खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस मी! डोक्यात हवा जायला एवढं पुरतं की नाही?

एका रविवारी मी त्या सायकलवरून उल्हासनगरात गेलो, चपला घ्यायला. तेव्हाचं उल्हासनगर म्हणजे मिलिटरीच्या रिकाम्या बराकी आणि त्यात सिंधमधून सगळं टाकून आलेली माणसं. एकेका बराकीत पडदे लावून पाच-सहा बिऱ्हाडं. कुणी पापड लाटतंय, कुणी बनियन शिवतंय, कुणी लेमनच्या गोळ्या करतंय. आणि त्या सगळ्या कलकलाटातून एक आवाज आला.

कसा सांगू? पितळेच्या ताटात कुणी मूठभर तांदूळ अगदी हलक्या हातानं, दाणा दाणा करून सोडावेत आणि प्रत्येक दाण्याला सूर असावा, तसा! मी करकचून ब्रेक दाबला. सायकलला ब्रेक नव्हताच. पाय घासून थांबलो.

बराकीच्या ओट्यावर एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी खरी, दुसरी दोऱ्याची. मांडीवर पेरूच्या फोडीसारखं एक छोटं वाद्य. आठ तारा. बाजूला त्याची बायको पापड लाटत होती.

"हे काय हो?" मी विचारलं.

"मेंडोलिन, साईं. सिनेमा में सुनते हो ना? वोही."

हा उस्ताद टहलराम. कराचीत त्याचं वाद्यांचं दुकान होतं. तिथून निघताना काय आणलं, तर गोधडीत गुंडाळलेला एक रंधा, चार पटाश्या आणि बायको. "बायको गोधडीत नव्हती," हे तो स्वतःच पुढे सांगायचा आणि बायको, तिला सगळी बराक अम्मा म्हणायची, लाटणं उगारायची. बोलायचा हिंदी, मधेच सिंधी, आणि अंबरनाथच्या सुतारांकडून उचललेली थोडी मराठी. तिन्ही एका वाक्यात.

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "मला एक करून द्या."

"लकडी आणा," तो म्हणाला. "अच्छी लकडी मिळत नाय इधर."

लाकूड? आमच्या कारखान्यात परदेशी मशिनं यायची ती मोठमोठ्या देवदारी खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या सरपणाला जायच्या. साहेबांना विचारून चार फळ्या सायकलला बांधल्या आणि नेल्या. टहलरामनं काय करावं? प्रत्येक फळी कानापाशी धरली आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. पहिली बाजूला ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी वाजवली आणि डोळे मिटून गप्प बसला. म्हटलं झोप लागली की काय!

"ही बोलते," तो म्हणाला.

मीही कान लावला. मला काही बोलली नाही. पण मी मान डोलवली. मंडळी, माझ्या सगळ्या फजितीचं मूळ त्या मान डोलवण्यात आहे!

पुढचे चार महिने दर रविवारी मी त्या ओट्यावर. वाद्याची पाठ आमच्या माळ्यावरच्या फणसाच्या फळीची, तोंड त्या खोक्याचं. टहलराम फुटक्या काचेच्या तुकड्यानं फळी खरवडायचा. खरवडायचा म्हणजे किती, तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ भुगा उडायचा. दोन हात मारले की फळी दारातल्या उजेडात धरायची, टकटक करायचं. "इथं अजून झोपलीये," म्हणायचा. पुन्हा दोन हात. सरसाच्या भांड्याखाली कोळसे, आणि त्या सरसाचा वास? सांगत नाही, तुम्ही बिस्किट खाताय. पण त्या वासातही मी तासन् तास बसायचो. आतल्या पट्ट्या तो अशा बसवायचा की जणू तान्ह्या पोराच्या फासळ्या. तारा आठ, पण चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोघींनी एका सुरात बोलायचं. एकीचा सूर केसभर उतरला की टहलरामच्या कपाळावर आठी यायची.

आणि चार महिन्यांत मी काय शिकलो? टकटक करायला! कारखान्यात टेबल टकटकवायचो, घरी दार टकटकवायचो. "हे बोलतंय... हे झोपलंय..." आईला वाटलं मला कुणी काही केलंय.

वाजवायला म्हणून टहलरामनं एक गत शिकवली होती. एकच. मी ती त्याच्यासमोर कधी वाजवली नाही, लाज वाटायची. शेवटी मेंडोलिन तयार झालं. त्यानं वाजवून दाखवलं. काय सांगू, ओट्यावर येणारी-जाणारी माणसं थांबली! भोकातून आरशाचा तुकडा धरून बघितलं तर वरच्या फळीच्या आतल्या अंगाला खोक्यावरचा काळा बाण तसाच दिसत होता, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा. म्हटलं, ठेवतो बाबा!

संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले, पडवीत बसलो, मेंडोलिन पोटाशी धरलं, कचकड्याची नखी घेतली आणि पहिली तार छेडली.

झर्रर्र.

पुन्हा छेडली. झर्रर्र! सूर होता, पण सुराच्या मागे काहीतरी झरझरत होतं. डब्यात अडकलेली माशी असते ना, तशी.

आई म्हशीखालून ओरडली, "आरं, काय चालवलंस? म्हस पान्हा चोरतेय!"

"आई, यात खोट आहे."

"म्हशीत?"

"मेंडोलिनात!"

पुढच्या रविवारी सायकल हाणली ती थेट ओट्यावर. टहलरामनं ऐकून घेतलं, मेंडोलिन उचललं आणि वाजवलं. स्वच्छ! तांदळाचे दाणे! अम्मानं वर न बघताच "वाह" म्हटलं.

"कुठं हाय झर्र?" टहलरामनं विचारलं.

"द्या इकडे." मी घेतलं, वाजवलं. झर्रर्र!

टहलरामचा हात हवेत राहिला. त्यानं परत घेतलं. स्वच्छ. माझ्याकडे. झर्र. त्याच्याकडे. स्वच्छ. असं आठ-दहा वेळा झालं. शेजारचा बनियनवाला उठून आला. त्याला वाजवता येत नव्हतं, पण त्यानंही चार तारा ओढल्या. झर्र नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? दोघांच्या हातात गप्प आणि एकाच्याच हातात झर्र, तर खोट त्या एकात! बरोबर की नाही? तुम्हाला इथं बसल्या-बसल्या कळलं. मला नाही कळलं. आणि मजा म्हणजे टहलरामलाही नाही कळलं. कारण त्याचं डोकं वेगळंच चाललं.

तो फार हळू म्हणाला, "साईं, पोरगं बापाच्या सामने कैसा रहता है? एकदम शरीफ. खोटं बोलतं. बाहेर गेलं की खरा रंग. मी याचा बाप. माझ्या हातात हे खरं बोलणार नाय. तुमच्या हातात बोललं."

मी काय करायला हवं होतं? पण छाती अशी फुगली म्हणता! मी म्हटलं, "उस्ताद, माझा कान जरा तिखटच आहे."

त्यानं त्याच क्षणी गरम पातळ सुरी घेतली आणि फणसाची पाठ सोडवली. मला अजून तो आवाज आठवतो, करर्र करून सांधा सुटण्याचा. चार महिन्यांचं काम! आतली एक पट्टी काढून नवी घातली, पुन्हा चिकटवलं, शिकंज्यात आवळलं. पुढच्या रविवारी मी वाजवलं.

झर्रर्र!

टहलराम कपाळावर हात मारून ओरडला, "घोडा रे! घोडा रे!"

तार ज्या लाकडी पुलावर टेकते त्याला आपण घोडी म्हणतो. मला वाटलं तो त्याबद्दल बोलतोय. मी जाणकाराच्या आवाजात म्हटलं, "नाही उस्ताद, घोडीत काही नाही. आवाज खालून येतोय."

अम्मानं लाटणं थांबवलं. "घोडी नाय बाबा! सिंधी में 'घोडा रे' मतलब हाय हाय!"

तरी त्यानं घोडी बदललीच. तीन वेळा ते मेंडोलिन उघडलं, मंडळी! तीन वेळा! पट्ट्या बदलल्या, घोडी बदलली, तारा बदलल्या. तिसऱ्या वेळी तर त्यानं आतला बाणसुद्धा काचेनं खरवडून टाकला; म्हणे शाईचा थर जाड असेल. झर्र जशीच्या तशी.

आणि इथपर्यंत एका वाद्यापुरतं होतं ते ठीक. पण माझ्या कानाला आता काम हवं होतं!

टहलरामच्या भिंतीवर तीन मेंडोलिनं टांगलेली होती. पूर्ण तयार. मुंबईच्या एका बँडच्या मास्तरसाठी केलेली. वर्षभराची मेहनत. मास्तर येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी न्यायला येणार होता. त्याला आवडली तर त्याच्या ओळखीचे सगळे वादक टहलरामकडेच येणार, अशी बोली. कराचीतलं गेलेलं दुकान त्या तीन खुंट्यांना लटकत होतं म्हणा ना!

मी सहज हात पुढे केला. "ही पण जरा बघू का?"

पहिलं वाजवलं. झर्रर्र.

दुसरं. झर्रर्र.

तिसरं वाजवेपर्यंत टहलराम खाली बसला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण खरं सांगू? आतून कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. कराचीच्या उस्तादाला जे ऐकू येत नाही ते बदलापूरच्या मला ऐकू येतं! घरी येताना सायकलवर मी स्वतःशीच मान डोलवत होतो.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या भजनाला गेलो. पांडूबुवा म्हणून आमचे भजनाचे म्हातारे बुवा होते. म्हटलं, बुवा, वीणा जरा द्या. गळ्यात घातली, पोटाशी धरली, तार छेडली. झर्र! मी तोंड वाकडं केलं.

बुवा घाबरले. "का रं? काय झालं?"

"बुवा, भोपळ्याला तडा आहे. आतून."

"दिसत तर नाय."

"दिसायचा नाही. ऐकू येतो. ज्याला ऐकू येतो त्याला!"

बिचाऱ्यांनी वीणा खुंटीला टांगली ती टांगलीच. गुरुवारचं भजन नुसत्या टाळांवर व्हायला लागलं. लोक माझ्याकडे आदरानं बघायला लागले. आई तेवढी म्हणाली, "तू जिथं जातंस तितंच कसं मोडतं रं सगळं?" जगात एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नसेल. आणि मी काय उत्तर दिलं? "आई, तुला त्यातलं कळणार नाही!"

मास्तर यायच्या दिवशी मी सकाळीच उल्हासनगरात पोचलो. बघतो तर काय, ओट्यावर भुगा नाही, सरसाचा वास नाही. रंधा, पटाश्या, काचेचे तुकडे, सगळं त्या जुन्या गोधडीत नीट गुंडाळून ठेवलेलं. आणि टहलराम अम्माच्या शेजारी बसून पापड लाटत होता! लाटत कसला होता, पापड वाजवून बघत होता. टकटक. लाटलेला ओला पापड बोटाला चिकटत होता.

"उस्ताद, हे काय?"

"हाथ गया, साईं," तो म्हणाला. "कराची गयी, तब भी हाथ होता. आता हाथ गेला. मास्तरला सांगणार, माल नाय. खोटा माल मी देणार नाय."

मला बाजूला घेऊन अम्मा म्हणाली, "भाऊ, तू एक बार बोल दे ना, आवाज नाही आता. बस, इतना बोल. आठ दिवस हा माणूस जेवत नाय."

अहो, काय सोपी गोष्ट होती! एक वाक्य! पण मी? मी मान वर करून म्हणालो, "अम्मा, कानाला खोटं बोलता येत नाही."

आज तो प्रसंग आठवला की मला माझ्याच कानाखाली ओढावीशी वाटते.

दहाच्या सुमाराला फर्नांडिस मास्तर आला. चांगला आडदांड गोवेकर, डोक्यावर हॅट, घामानं चिंब. आल्या-आल्या त्यानं भिंतीवरची तिन्ही मेंडोलिनं उतरवली, एकामागून एक वाजवली. पहिल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्यावर त्यानं हॅट काढली. तिसरं वाजवून झाल्यावर त्यानं ते उलटं करून पाठीवरून हात फिरवला.

"टहलराम," तो म्हणाला, "बोटीनं इटलीहून आलेलं वाजवलंय मी. हे त्याच्या वर आहे रे! बांध तिन्ही."

"नाही देणार," टहलराम म्हणाला. हाताला पापडाचं पीठ तसंच. "खोट आहे. झर्र आहे त्यात."

"कोण म्हणतो?"

बराकीतली सगळी बोटं माझ्याकडे वळली. बनियनवाला, गोळीवाला, नळावर पाणी भरायला आलेल्या बायका, सगळ्यांची! आणि मी पुढे झालो. कसा? लग्नात नवरदेव येतो तसा!

मास्तरनं मला खालून वर बघितलं. "तू वाजवतोस?"

"मी ऐकतो," मी म्हणालो.

काय वाक्य! अजून अंगावर काटा येतो. शरमेचा.

त्यातलं एक मेंडोलिन मी घेतलं, पोटाशी धरलं आणि तार छेडली. झर्रर्र! सगळी बराक हळहळली. टहलरामनं डोळे मिटून घेतले.

मास्तर मात्र तसाच उभा राहिला. "पुन्हा."

झर्रर्र.

तो जवळ आला. आधी तारांपाशी कान नेला. "इथं नाही." मग भोकापाशी. "इथं पण नाही." मग पाठीपाशी. वाकत-वाकत तो अगदी खाली गेला आणि शेवटी, काय सांगू मंडळी, त्या माणसानं आपला कान थेट माझ्या पोटाला लावला!

"वाजव."

झर्रर्र.

"आता पोट आत घे."

घेतलं. वाजवलं. स्वच्छ!

"सोड."

झर्रर्र!

"आत."

स्वच्छ.

"बाहेर."

झर्र!

नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. गोळीवाला पुढे सरकला. पाच-सहा वेळा मास्तरनं मला पोट आत-बाहेर करायला लावलं आणि प्रत्येक वेळी बराकीतली पंचवीस-तीस माणसं माझ्याबरोबर श्वास घेत होती आणि सोडत होती!

"मेंडोलिनात काय नाही रे बाबा," मास्तर सरळ उभा राहत म्हणाला. "झर्र तुझ्या पोटात आहे! शर्ट वर कर."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"कर म्हणतो ना!"

केला. माझ्या करगोट्याला बांधलेली, चांगली बोटभर लांबीची पितळी किल्ली त्या भर सकाळी सगळ्या उल्हासनगराला दिसली. तिला लोखंडी कडं, आणि ते कडं सैल. घरातल्या मोठ्या पेटीची किल्ली ती! मी दोनदा हरवली म्हणून आईनंच सहा वर्षांपूर्वी करगोट्याला गाठ मारून दिली होती. पेटी वर्षातून एकदा उघडणार, बाकी वेळ किल्ली माझ्याबरोबर निजायची, न्हायची, कारखान्यात यायची. ती अंगावर आहे हे मी केव्हाच विसरलो होतो. तुम्हाला तुमची कोपरं दिवसभर आठवतात का? तसंच! वाद्य पोटाशी धरलं की त्याची पाठ त्या कड्याला टेकायची, तार छेडली की पाठ थरथरायची आणि कडं म्हणायचं, झर्रर्र!

माझ्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं! सुरीनं सुटणारी फणसाची पाठ. एकदा, दोनदा, तीनदा. गोधडीत गुंडाळलेला रंधा. टाळांवर चाललेलं गुरुवारचं भजन आणि खुंटीवर टांगलेली पांडूबुवांची निर्दोष वीणा!

पहिलं कोण हसलं माहीत नाही. अम्मा असावी. ती पदर तोंडावर घेऊन भिंतीला टेकली ती सरकत-सरकत खाली बसली. मग सगळी बराक. बनियनवाला तर दोन घरं पलीकडच्यांना बोलवायला पळाला.

टहलराम हसला नाही. तो उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता ही चपराक आली. यावी, मी गालही पुढे केला होता! पण त्यानं ती किल्ली दोन बोटांत धरली, कड्याला टिचकी मारली, कान लावून ऐकलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, पीठ लागलेल्या. आणि त्याचे डोळे भरून आले.

"हाथ आहे," तो म्हणाला. "अम्मा, हाथ आहे माझा!"

अम्मानं उठून त्याच्या हाताचं पीठ आपल्या पदरानं पुसलं. मास्तरनं तिन्ही मेंडोलिनं कापडात बांधली, आणखी चारांची मागणी सांगितली. कुणीतरी गोधडी सोडली. रंधा बाहेर आला. मी एका कोपऱ्यात शर्ट खोचत उभा.

माफी मागितली. पाय धरले. टहलराम म्हणाला, "जाने दो साईं. तुमच्यामुळे एक मेंडोलिन तीन बार उघडून बघितली. आतून इतकी साफ मी कधी केली नव्हती. आता तीच सगळ्यात अच्छी आहे."

म्हणजे माझी! बघा हं, सगळ्यात चांगलं मेंडोलिन माझं! आणि मंडळी, माणूस एकदा चुकला की शहाणा होतो असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्याकडे बघा. माझ्या मनात आलं, एवढी शोभा झाली ती धुऊन काढायची हीच वेळ. मास्तर आहे, उस्ताद आहे, सगळी बराक जमलेली आहे. आजपर्यंत माझं वाजवणं यांनी झर्रशिवाय ऐकलंच कुठं होतं?

मी करगोट्याची गाठ सोडली. किल्ली ओट्यावर ठेवली. माझं मेंडोलिन घेतलं, घसा खाकरला (गाणार नव्हतो, तरी) आणि म्हणालो, "आता ऐका."

आणि ती अख्खी गत मी वाजवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकही झर्र नाही! देवदारी फळी काय बोलत होती, काय बोलत होती! माझ्या बोटातला प्रत्येक सूर, जसा होता तसा, लख्ख, पार नळापर्यंत ऐकू गेला.

गत संपली. मी वर बघितलं.

टाळी नाही. नळावरच्या बायका हंडे उचलून निघाल्या होत्या. बनियनवाला ज्यांना बोलवून घेऊन आला होता ते परत जात होते. फर्नांडिस मास्तर आपल्या हॅटच्या आत काहीतरी शोधत होता. अम्मा नुसत्याच पोळपाटावर लाटणं फिरवत होती, वर पापड नव्हता.

टहलरामनं चष्म्याचा दोरा नीट केला. ओट्यावरची किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली, माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ आपल्या हातांनी मिटली आणि अगदी बापाच्या मायेनं म्हणाला,

"साईं, चावी वापस बांध लो."